सेमी-हॉलो गिटार घरी आली? पहिल्या आठवड्यात एवढं नक्की करा

बेळगाव असो, मडगाव असो की इंदूर, इलेक्ट्रिक गिटार आता घरोघरी दिसू लागली आहे. त्यातही वर इंग्रजी ‘एफ’ अक्षरासारखी दोन भोकं असलेली सेमी-हॉलो गिटार अनेकांच्या मनात भरते. ही गिटार स्वस्त नसते, त्यामुळे ती घरी आल्यावर नीट ओळख करून घेतलेली बरी. नाहीतर महिनाभरात ‘काहीतरी बिघडलंय’ म्हणून ती कपाटावर जाते.

आत नेमकं काय असतं?

मिरजेचा तानपुरा पाहिलेल्यांना पोकळ भोपळ्याचं काम सांगायला नको. तार छेडली की पोकळी घुमते आणि आवाज मोठा होतो. पण हीच पोकळी स्पीकरसमोर आली की अडचण होते. स्पीकरचा आवाज लाकडाला हलवतो, लाकूड तारांना हलवतं, तो आवाज पिकअप पुन्हा स्पीकरकडे पाठवतो आणि ‘कूंऽऽ’ असा फीडबॅक सुरू होतो.

यावर उपाय म्हणून लेस पॉल या अमेरिकन वादकाने १९४० च्या सुमारास एका भरीव ओंडक्यावर तारा चढवल्या आणि गिटारीसारखं दिसावं म्हणून दोन्ही बाजूंना पोकळ गिटारीचे अर्धे भाग जोडले. पुढे १९५८ मध्ये गिब्सन कंपनीने ईएस-३३५ बाजारात आणली. तिच्या मधोमध भरीव लाकडाचा ठोकळा आणि दोन्ही बाजूंना पोकळी असते. आजच्या बहुतेक सेमी-हॉलो गिटारी याच घडणीच्या आहेत. तरीही फीडबॅक पूर्ण जात नाही. बी. बी. किंग यांच्या ‘ल्युसिल’ नावाच्या १९८० च्या मॉडेलमध्ये तर एफ-होल ठेवलेच नाहीत, ते याचसाठी.

खोका उघडण्याची घाई नको

कुरिअरने गिटार आली असेल तर खोका काही तास घरातच तसाच राहू द्या, लाकडाला घरच्या हवेची सवय होऊ द्या. मग दिवसाउजेडी तपासा. नेकच्या सांध्यावर किंवा डोक्याच्या मागे चीर आहे का? प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवून पाहा, कुठे खरखर येते का? दोष दिसला तर लगेच फोटो काढून दुकानदाराला कळवा. परत करण्याची मुदत निघून गेल्यावर बोलून उपयोग नाही.

केबल लावायच्या जागेचा नट हाताने हलवून बघा. तो सैल पडला आणि जॅक आत गेला, तर या गिटारीत मागून उघडायला झाकण सहसा नसतं. एफ-होलमधून तो बाहेर काढता काढता मेकॅनिकचाही घाम निघतो.

तारा, नेक आणि उंची

बाराव्या फ्रेटवर जाड तार सुमारे २ मिमी आणि बारीक तार सुमारे १.५ मिमी उंच असेल तर हाताला बरं पडतं. नेकच्या आतला ट्रस रॉड फिरवायचाच असेल तर एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. जमत नसेल तर जाणकाराकडे न्या.

सूर तपासायला बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून हार्मोनिक वाजवा, मग तीच तार तिथे दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिजवरचा त्या तारेचा सॅडल मागे, उतरलेला असेल तर पुढे. तारा बदलताना एकेकच बदला. सगळ्या एकदम काढल्या तर अनेक मॉडेलमध्ये ब्रिज सुटून हातात येतो.

बटणांचा गोंधळ

दोन व्हॉल्यूम, दोन टोन आणि एक तीन जागांचा स्विच. नेककडचा पिकअप गोल, ऊबदार वाजतो, ब्रिजकडचा टोकदार. स्विच मधे ठेवून एक व्हॉल्यूम शून्यावर नेला की अनेक गिटारींत दोन्ही पिकअप गप्प होतात. घाबरू नका, ती जोडणीच तशी असते.

पण एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर अ‍ॅम्प तिथेच बंद करा आणि घरातल्या अर्थिंगची तपासणी करून घ्या. अ‍ॅम्पच्या तीन पिनांतली अर्थिंगची पिन कधीही तोडू नका.

शेजारी आणि सराव

या गिटारीचा मोठा फायदा म्हणजे ती अ‍ॅम्पशिवायही थोडी ऐकू येते. चाळीत, फ्लॅटमध्ये, घरात कुणाची दहावी चालू असताना रात्री सराव होतो. अ‍ॅम्प लावलाच तर त्याच्या अगदी समोर बसू नका आणि बेस कमी ठेवा.

घरात पेटी असेल तर सोपी सुरुवात सांगतो. पाचव्या तारेचा चौथा फ्रेट म्हणजे काळी एकचा सा. चौथ्या तारेचा सहावा फ्रेट हा त्याचा प आणि तिसऱ्या तारेचा सहावा फ्रेट वरचा सा. हे तीन सूर पेटीशी जुळवून रोज दहा मिनिटं वाजवा. कान तयार होतो आणि गिटार सुरात आहे की नाही हेही कळतं.

पावसाळा सांभाळा

खानापूर, गोव्याकडच्या पावसात लाकूड ओल शोषतं आणि तारांना गंज चढतो. ग्वाल्हेर, हैदराबादच्या कोरड्या उन्हाळ्यात तेच लाकूड आकसतं. साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता गिटारीला मानवते. ओल आलेल्या भिंतीवर ती टांगू नका. पावसात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसा. ऋतू बदलला की तारांची उंची पुन्हा मोजा. ती थोडी बदललेली दिसली तर गिटार खराब झाली असं समजू नका, लाकूड हवेप्रमाणे हलणारच.