गावित भगिनींचा खटला : अपराधाचे स्वरूप आणि शिक्षेतील विलंब

'कोल्हापूरचे बालहत्याकांड' या नावाने परिचित असलेल्या खटल्याची चर्चा बहुधा त्यातील क्रौर्यापाशीच थांबते. विधिशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र त्याचा उत्तरार्ध अधिक विचारार्ह वाटेल.

अंजनाबाई गावित व तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे आणि सीमा गावित, यांचा मूळ व्यवसाय गर्दीत चोऱ्या करण्याचा. कडेवर मूल असलेल्या बाईवर लोक सहसा संशय घेत नाहीत, आणि पकडले गेल्यास मुलाला इजा करून जमावाचे लक्ष वळविता येते, हा हिशेब त्यांच्या अपराधाच्या मुळाशी होता. १९९० ते १९९६ या काळात त्यांनी गरिबांची लहान मुले पळविली, चोरीसाठी वापरली आणि निरुपयोगी किंवा अडचणीची ठरताच मारून टाकली. अनेक हत्या करणाऱ्या व्यक्तीच्या ठायी मनोविकृती गृहीत धरण्याची जी सवय आपणांस जडली आहे, तिला या प्रकरणात फारसा आधार मिळत नाही. येथे मूल हे केवळ धंद्याचे साधन होते. अंजनाबाईच्या पूर्वीच्या पतीच्या मुलीची हत्या तेवढी सूडापोटी झाली, आणि त्याच कुटुंबामुळे १९९६ च्या नोव्हेंबरात तिघी पोलिसांच्या हाती लागल्या.

खटला पूर्ण होण्यापूर्वीच अंजनाबाई कोठडीत मरण पावली. रेणुकाचा पती माफीचा साक्षीदार झाला. अशा साक्षीवर झालेली दोषसिद्धी केवळ त्या कारणाने बेकायदा ठरत नसली, तरी महत्त्वाच्या तपशिलांत तिला स्वतंत्र पुष्टी मिळावी, असा तत्कालीन पुरावा अधिनियमाच्या कलम १३३ व ११४ यांचा एकत्रित अर्थ न्यायालये लावीत आली आहेत. आरोप तेरा अपहरणांचा व नऊ हत्यांचा होता. उच्च न्यायालयात कायम राहिल्या त्या पाच हत्या. लोकक्षोभ कितीही तीव्र असो, न्यायालयाने सिद्ध तेवढेच मानले.

२००१ मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने देहदंड सुनावला, २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व ३१ ऑगस्ट २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. आरोपी स्त्रिया आहेत, यापलीकडे शिक्षा सौम्य करण्याजोगी कोणतीही परिस्थिती दिसत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा अभिप्राय होता.

यानंतर दयेच्या अर्जांचा प्रवास सुरू झाला. राष्ट्रपतींचा नकार आला तो २०१४ मध्ये, म्हणजे अंतिम निकालानंतर सुमारे आठ वर्षांनी. त्याच वर्षी शत्रुघ्न चौहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले होते की, दयेच्या अर्जावरील असमर्थनीय विलंब हा स्वतंत्रपणे शिक्षा बदलण्यास पुरेसा आधार आहे. अपराधाची गंभीरता हा त्याला अडसर नाही. या तत्त्वानुसार १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने दोघींचा देहदंड जन्मठेपेत रूपांतरित केला. अपराध अक्षम्य असल्याचे न्यायालयाने मान्यच केले. दोष ठेवला तो सरकारी यंत्रणेच्या बेपर्वाईवर. येरवड्याच्या कारागृहात पंचवीस वर्षे घालविल्याने आपणांस सोडून द्यावे, ही दोघींची मागणी मात्र फेटाळली गेली. पुढे एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही जन्मठेप कोणत्याही सवलतीविना आमरण राहील, असे स्पष्ट केले.

मृत बालकांच्या आईबापांना हा युक्तिवाद रुक्ष वाटल्यास नवल नाही. परंतु त्यांचीही तक्रार, बारकाईने पाहिल्यास, न्यायालयाविरुद्ध नसून ज्या कार्यालयांत ते कागद वर्षानुवर्षे पडून राहिले त्यांच्याविरुद्धच ठरते.