आठवणींची यंत्रे – लेखांक ९ : ‘आमच्याकडे तर उघडते!’

मागच्या लेखांकात कॅसेटची फीत पाहिली. फितीवरचा हवा तो भाग येईपर्यंत बसून राहावे लागे. फ्लॉपीत ती अडचण नाही : चकती फिरत असते आणि हेड हव्या त्या वर्तुळावर थेट जाऊन बसते. आयबीएमने १९७१ मध्ये आणलेली पहिली फ्लॉपी आठ इंची होती. १९७६ मध्ये सव्वापाच इंची आली आणि १९८१ मध्ये सोनीची साडेतीन इंची. आपल्या कपाटांत अजून पडून आहे ती बहुधा हीच, कडक प्लास्टिकची. कडक, मग फ्लॉपी कशी, असे कामावर आलेली नवी मुले विचारत. पत्र्याची झडप बाजूला सरकवली की आतली लवचीक, तपकिरी-काळी चकती दिसे आणि नावाचा उलगडा होई.

त्या चकतीच्या प्रत्येक बाजूवर ८० वर्तुळे, प्रत्येक वर्तुळाचे १८ भाग, प्रत्येक भागात ५१२ बाइट. दोन्ही बाजूंचा गुणाकार केला तर १४,७४,५६० बाइट होतात. लेबलवरचे ‘१.४४ एमबी’ ते हेच.

फ्लॉपीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ दोन गोष्टींत आहे. हार्ड डिस्कचे हेड चकतीला न टेकता वरून तरंगते. फ्लॉपीचे हेड चकतीला टेकूनच चालते, मिनिटाला ३०० फेऱ्या. धूळ असली तर ती घासली जाते, आणि दमट पावसाळ्यात बुरशी धरलेली एक फ्लॉपी घातली तर हेडला लागलेली घाण पुढच्या फ्लॉपीवर जाते. दुसरी गोष्ट जास्त फसवी. शेजारच्या दोन वर्तुळांत जेमतेम ०.१९ मिलिमीटर अंतर असते. एखाद्या ड्राइव्हचे हेड केसभर सरकलेले असले, तरी तो स्वतः लिहिलेले बिनचूक वाचतो, कारण लिहिताना तो जेवढा चुकला तेवढाच वाचतानाही चुकतो. दुसऱ्या ड्राइव्हला मात्र तिथे नीट काहीच सापडत नाही.

नव्वदच्या दशकात मी डीटीपीचे काम करत असे. एका दिवाळी अंकाची पेजमेकरची फाइल एका फ्लॉपीत मावेना, म्हणून एआरजे या फाइल आवळणाऱ्या प्रोग्रॅमने तिचे चार तुकडे केले आणि चार फ्लॉपी घेऊन छापखाना गाठला. तिसरी उघडेना. एक तुकडा नाही म्हणजे फाइलच नाही. ‘तुमची फ्लॉपी खराब आहे,’ छापखानेवाले म्हणाले. ‘आमच्याकडे तर उघडते!’ मी म्हणालो. परत येऊन पाहिले, तर खरोखरच उघडत होती. आम्ही दोघेही खरे बोलत होतो, हे हेडची गोष्ट कळल्यावर उमगले. त्यानंतर मी प्रत्येक कामाचे दोन संच न्यायचो, वेगवेगळ्या मशीनवर केलेले.

कामाच्या फ्लॉपीबरोबर फॉन्टची वेगळी फ्लॉपीही न्यावी लागे. युनिकोड रुळण्याआधी मराठी अक्षरांना प्रत्येक कंपनीने आपापले क्रमांक दिले होते. तो फॉन्ट समोरच्या संगणकावर नसला, तर ‘संपादकीय’च्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांची रांग दिसे. मजकूर शाबूत, पण वाचता येत नाही.

म्हणूनच मला कपाटांत पडून असलेल्या फ्लॉपींच्या डब्यांची काळजी वाटते. त्या वर्षांतल्या कथा, प्रबंध, गावोगावच्या स्मरणिका यांची टंकलिखित प्रत अनेकदा फ्लॉपीवरच राहिली. साडेतीन इंचीसाठी यूएसबीला जोडायचा ड्राइव्ह अजून मिळतो. फाइल आधी जशीच्या तशी उतरवून घ्यावी. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर आहेत, ते काम सवडीने करता येते. बुरशी दिसणारी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये मुळीच घालू नये. संगणकाने ‘फॉरमॅट करायची का?’ असे विचारले, तर ‘नाही’ म्हणावे. आणि फ्लॉपी आत सरकवण्याआधी तिच्या कोपऱ्यातली छोटी खिडकी सरकवून उघडी करावी. काही ऑपरेटिंग सिस्टिम फ्लॉपी नुसती पाहतानाही तिच्यावर आपली खूण लिहितात. खिडकीतून आरपार दिसत असले, की ड्राइव्ह तिच्यावर काहीही लिहीत नाही.