‘पुन्हा ये’ म्हणतात, मग व्हिसा का मिळत नाही?

परदेशी जायला व्हिसा लागतो, हे आता गावागावांत माहीत झालंय. पण तो नाकारतात तेव्हा नेमकं काय होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. आज आम्ही ते अमेरिकेत जाणाऱ्या ‘ओ पेअर’ मुलींच्या उदाहरणावरून सांगणार आहोत.

‘ओ पेअर’ हा फ्रेंच शब्द. अर्थ ‘बरोबरीच्या नात्यानं’. ब्राझील, कोलंबिया, जर्मनी, दक्षिण आफ्रिका अशा देशांतल्या १८ ते २६ वयाच्या मुली अमेरिकेतल्या एखाद्या कुटुंबात वर्षभर राहतात. आठवड्याला जास्तीत जास्त ४५ तास त्या घरची मुलं सांभाळायची. बदल्यात राहणं, जेवणखाण, दर आठवड्याला ठरलेले पैसे आणि थोडं शिक्षण. त्यासाठी जे-१ नावाचा व्हिसा मिळतो. मुदत आणखी सहा, नऊ किंवा बारा महिने वाढवता येते. मग घरी परतायचं.

वर्षभर कडेवर खेळवलेलं लेकरू सोडून येताना जीव तुटतोच. तिकडचं कुटुंबही ‘पुन्हा ये’ म्हणतं. पण पुन्हा ओ पेअर व्हायचं तर मधली दोन वर्षं अमेरिकेबाहेर काढावी लागतात, आणि वयाची अट तीच राहते. पंचविशीत परतलेल्या मुलीला ती वाट बंद. मग ती भेटीसाठी पर्यटक व्हिसा मागते. नियम पाळून वेळेत परतलेली असूनही पुष्कळदा तिला नकार मिळतो.

असं का? अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यात २१४(बी) हे कलम आहे. समोरची व्यक्ती कायमची राहायलाच येते आहे, असं अधिकाऱ्यानं आधी धरून चालायचं. तसं नाही, हे पटवून द्यायचं अर्जदारानं. कोर्टात गुन्हा शाबीत होईपर्यंत माणूस निर्दोष असतो. इथं सगळं उलटं. मुलाखत बहुधा काही मिनिटांची. तरुण, अविवाहित, नोकरी नुकतीच लागलेली किंवा नाहीच, आणि तिकडे मायेचं घर तयार. ही परत येईल कशावरून, असा प्रश्न अधिकाऱ्याला पडतो.

तिकडच्या कुटुंबाचं प्रेमाचं पत्र इथं फारसं कामी येत नाही. त्यांनी दिलेल्या हमीपेक्षा अर्जदाराचं स्वतःच्या देशातलं बस्तान बघतात: नोकरी, शिक्षण, घरदार, जबाबदाऱ्या. शिवाय ‘जाऊन मुलांना सांभाळीन, राहायला-जेवायला तेच देतील’ असं सांगितलं, तर ते काम ठरू शकतं. पर्यटक व्हिसावर कामाला परवानगी नाही.

या कलमाखालच्या नकारावर अपील नाही. भरलेली फी परत मिळत नाही. पण हा नकार म्हणजे कायमची बंदीही नाही. नवी फी भरून पुन्हा अर्ज करता येतो. मात्र परिस्थिती तीच असेल, तर उत्तर बहुधा तेच येतं. शिक्षण पूर्ण झालं, नोकरीत जम बसला, की मग अर्ज करण्यात अर्थ असतो.

हे आपण का ऐकायचं? कारण लेकीच्या बाळंतपणाला निघालेली आई मुंबईतल्या अमेरिकन वकिलातीच्या खिडकीसमोर उभी राहते, तेव्हा तिलाही हेच कलम लागू होतं. लेकीनं, जावयानं कितीही आग्रहाचं बोलावणं धाडलं तरी अधिकारी विचारतो ते आईच्या इकडच्या संसाराबद्दल: घरी कोण आहे, शेती कोण बघतं, परत कधी येणार. उत्तरं खरी, थोडक्यात आणि स्वतःची असावीत.

एकदा नकार मिळाला की दलाल गाठतात. ‘खोटा पगारदाखला करून देतो, आधीचा नकार लिहूच नका’ असं सांगतात. मैत्रिणींनो, अर्जात आधीच्या नकाराबद्दल स्पष्ट विचारलेलं असतं आणि त्याची नोंद त्यांच्याकडे असतेच. साध्या नकारानंतर पुन्हा अर्ज करता येतो. खोटेपणा उघड झाला तर मात्र कायमची बंदी येऊ शकते. गटातून कर्ज काढून कुणी दलालाला पैसे देत असेल, तर आधी तिला हे समजावून सांगा.

आणि नकार मिळालेल्या बाईला, मुलीला ‘तुझंच काहीतरी चुकलं असेल’ असं म्हणू नका. शंका कायद्यानंच आधी धरलेली असते. तिच्या चारित्र्याचा तो निवाडा नव्हे.