पगारातील कपात आणि हक्काची रजा

फेब्रुवारीचा पगार हाती पडला की शाळेच्या कचेरीत एक प्रश्न हमखास निघतो. इतर महिन्यांत व्यवसाय कराचे २०० रुपये कापतात, मग याच महिन्यात ३०० का? कारकून सांगतो, नियमच तसा आहे. मंडळी, नियमाला कारण असते, आणि येथे ते साध्या बेरजेचे आहे. दोनशेप्रमाणे अकरा महिन्यांचे २,२०० झाले. त्यात फेब्रुवारीचे ३०० मिळवले की २,५०० पुरे. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाप्रमाणे एका माणसाकडून वर्षाला याहून अधिक व्यवसाय कर घेता येत नाही. पूर्वी ही मर्यादा २५० रुपयांची होती, १९८८ च्या घटनादुरुस्तीने ती दसपट झाली.

हा कर आला कोठून, हे मराठवाड्याच्या माणसाला तरी ठाऊक असावे. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना खडी फोडण्याची कामे, सुकडी आणि मस्टरवरचे अंगठे आठवतात. त्या दिवसांत वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर पसरली. मागेल त्याला काम द्यायचे तर पैसा हवा. म्हणून १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या पगारदाराने थोडे द्यावे, सरकारने तेवढीच भर घालावी आणि खेड्यातल्या रिकाम्या हाताला काम मिळावे, असा तो हिशेब होता. हमीचा कायदा पुढे २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पगारपत्रकातल्या त्या बारीक आकड्याचे नाते असे खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीशी आहे.

आता पडेगावकडे वळू. छावणी ओलांडून दौलताबादच्या वाटेला लागले की हे गाव येते. आज ते छत्रपती संभाजीनगर शहरातच मिसळून गेले आहे. समजा, तेथे रस्त्यालगत लोखंडी सामानाचे एक दुकान आहे आणि मालकाच्या हाताखाली चौदा माणसे आहेत. हिशेब लिहिणाऱ्या बाईंना महिना १८,००० रुपये, सामान उचलणाऱ्या गड्याला १४,०००. कर कोणाचा कापायचा?

गड्याचा कापावा लागेल. पुरुषाचा पगार ७,५०० पर्यंत असेल तर काही नाही, तेथून १०,००० पर्यंत महिना १७५ रुपये, आणि त्यापुढे आपण वर पाहिलेले २०० व ३००. बाईंचा मात्र एक पैसाही कापता येणार नाही. स्त्रियांसाठी पूर्वी १०,००० पर्यंत माफी होती. १ एप्रिल २०२३ पासून ती २५,००० पर्यंत वाढली. जुना तक्ता भिंतीवर तसाच राहिला आणि कपातही तशीच चालू राहिली, असे होऊ शकते. खासगी शाळांतल्या शिक्षिकाबाईंनी आपले पगारपत्रक या नजरेने एकदा जरूर पाहावे. वर्षाचे अडीच हजार म्हणजे काही थोडीथोडकी रक्कम नव्हे.

मालकानेही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कपात करायला तो विसरला तरी सरकार त्यालाच विचारते. कर भरण्याची जोखीम त्याची. नोकरांपोटी भरायच्या कराचा नोंदणी दाखला वेगळा, आणि स्वतःच्या धंद्यापोटी वर्षाला २,५०० भरण्याचा वेगळा. एक काढला म्हणजे दुसरा आपोआप होत नाही.

ही झाली कपात. ती न मागता होते. रजेचे तसे नाही. ‘रजा’ हा शब्दच मुळी अरबी, अर्थ संमती. धन्याने खूश होऊन द्यावी ती रजा, हा जुना भाव अजून आपल्या मनातून गेलेला नाही. कायदा मात्र तिला हक्क म्हणतो.

दुकाने व आस्थापना यांचा १९४८ चा जुना कायदा जाऊन १९ डिसेंबर २०१७ पासून नवा लागू झाला. त्यात वर्षाला आठ दिवस किरकोळ रजा, सणावाराच्या आठ भरपगारी सुट्ट्या, आणि वर्षात २४० दिवस काम केले असेल तर दर वीस दिवसांमागे एक दिवस अर्जित रजा आहे. तीनशे दिवस भरले की पंधरा दिवस. किरकोळ रजा वर्षअखेर बुडते. अर्जित रजा ४५ दिवसांपर्यंत साठते.

पण हा कायदा लागू कोणाला? आधी दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनेला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये अध्यादेश निघाला आणि दहाचे वीस झाले. वीसपेक्षा कमी माणसे असली तर मालकाने धंद्याची सूचना सरकारला द्यावी, एवढेच त्या कायद्यात उरले. आपले चौदा माणसांचे दुकान त्यातून बाहेर पडले. छोट्या दुकानदारामागची कागदपत्रांची कटकट गेली, हे खरे. पण त्याच फटक्यात गड्याच्या किरकोळ रजेचा आणि सणांच्या सुट्ट्यांचा कायदेशीर आधारही गेला. हा सौदा मला तरी सरळ वाटत नाही.

तरी दार पुरते बंद झालेले नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता अमलात आल्या. त्यांपैकी कामाच्या सुरक्षिततेच्या संहितेत आस्थापनेची व्याख्या दहा कामगारांची आहे, आणि भरपगारी वार्षिक रजेसाठी १८० दिवसांचे काम पुरते. दर वीस दिवसांमागे एक, हे प्रमाण येथेही तेच. वाळूजच्या कारखान्यात ज्याला मध्येमध्ये घरी बसवतात आणि ज्याचे वर्षात दोनशेच दिवस भरतात, त्याला कारखान्यांच्या जुन्या कायद्यातली २४० दिवसांची अट आडवी येई. नव्या हिशेबाने दोनशे दिवसांचे दहा दिवस होतात. प्रसूतीची रजाही दहा माणसांपासून लागू आहे. पहिल्या दोन अपत्यांसाठी २०१७ पासून ती २६ आठवड्यांची आहे. किमान वेतनाला तर माणसांची संख्या मोजावीच लागत नाही.

मात्र १८० असो की २४०, दिवस मोजायचे ते हजेरीपटावरून. पट मालकाच्या गल्ल्याखाली असतो आणि कामगाराच्या हाती काहीच नसते, ही खरी अडचण. म्हणून घरच्या दिनदर्शिकेवर कामाच्या दिवसापुढे रोज खूण करावी, पगाराची चिठ्ठी जपून ठेवावी आणि रजा तोंडी न मागता दोन ओळींच्या अर्जाने मागावी. अर्जाची नक्कल काढून तिच्यावर तारीख व पोच घ्यावी. लिहिता न येणाऱ्याला हा अर्ज गावच्या गुरुजींनी लिहून द्यावा. पाच मिनिटांचे काम आहे.