हुबळीत वस्तू हरवली तर…

हुबळीच्या श्री सिद्धारूढ स्वामीजी स्थानकावरचा १,५०७ मीटरचा फलाट २०२३ मध्ये सुरू झाला, जगातला सर्वांत लांब! पण त्या फलाटावर उतरताना बॅग गाडीतच राहिली, तर शोधत पळू नका. रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनला फोन करा. गाडी क्रमांक, डबा, सीट एवढं सांगितलं की पुढच्या स्थानकावरचे रेल्वे सुरक्षा दलाचे (आरपीएफ) जवान डब्यात जाऊन बघतात. सापडलेलं सामान खातरजमा करून परत देण्याच्या त्यांच्या मोहिमेचं नाव ‘ऑपरेशन अमानत’. नाव झकास आहे.

मागे आमच्या नात्यातल्या एका काकूंची पर्स धारवाडला जाताना ‘चिगरी’ या बीआरटीएस बसमध्ये राहिली. आत मंगळसूत्र. एका कॉलेजच्या पोराने ती उचलून थेट बसस्थानकावरच्या कर्मचाऱ्याकडे दिली. काकूंनी पैसे पुढे केले, तर तो म्हणाला, “ब्याडरी अज्जी!” (नको, आजी!) आणि पुढची बस पकडून गेला. काकूंना वाईट वाटलं ते ‘अज्जी’चं!

पोराने केलं ते कायद्यालाही धरून होतं. सापडलेली वस्तू मालकाला परत देण्यासाठी जवळ ठेवणं गुन्हा नाही. मालक शोधायचा साधा प्रयत्नही न करता ती गिळणं मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४खाली येतं.

मोबाइल हरवला तर पोलिसांत तक्रार नोंदवा, त्याच नंबरचं नवं सिम घ्या आणि ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर फोन ब्लॉक करा. त्यासाठी आयएमईआय क्रमांक लागतो. आत्ताच *#०६# दाबा आणि तो वहीत लिहून ठेवा. फोनमध्ये नको!