मामा-मामींना ‘सी फूड’ खायला नेताय? नांदेड-लातुरात ताटात येणारा मासा नेमका कुठून येतो, ते आधी पाहा

सणासुदीला पुण्या-मुंबईहून गावी आलेली पोरं आता घरच्या वडीलधाऱ्यांना जेवायला बाहेर नेतात. पहिला पगार, नवी गाडी, आजोबांची पंच्याहत्तरी, कारण काहीही चालतं. नांदेड आणि लातुरात मालवणी, कोकणी नावाच्या पाट्या दिसू लागल्यापासून ‘या वेळी मासे’ असा बेतही ठरतो. सुरमई, पापलेट, कोळंबी अशी नावं मेन्यूत असतात आणि समोर बसलेले मामा हळूच विचारतात, “इथं समुद्र कुठून आला?”

प्रश्न अगदी बरोबर आहे. नांदेडहून मुंबई रस्त्याने साडेपाचशे किलोमीटरपेक्षा जास्त, तर पूर्वेकडचं मच्छलीपट्टणम सहाशेच्या घरात. म्हणजे आपल्याला दोन्ही समुद्र जवळपास सारखेच लांब. समुद्राचा मासा इथे येतो तो बर्फात रचून किंवा गोठवून. बर्फातला मासा वाईटच असतो असं नाही, पण हिशेब कळायला हवा. एक किलो बर्फ वितळताना साधारण ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. तीस अंशांवरचा एक किलो मासा शून्यावर आणायला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा बर्फ पुरतो. उरलेला बर्फ खर्च होतो तो रस्त्यातल्या उन्हाशी लढण्यात. म्हणूनच आपल्यासारख्या हवामानात माशाइतकाच बर्फ, म्हणजे किलोला किलो, हा ढोबळ नियम सांगतात. एप्रिल-मेच्या मराठवाड्यात तोही कमी पडू शकतो.

कॅलेंडर बघून बेत करा

मासेमारी बंदीच्या तारखा आपल्याकडे फारशा कुणाला ठाऊक नसतात. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. पूर्व किनाऱ्यावर ती १५ एप्रिल ते १४ जून असते. जूनच्या पहिल्या दोन आठवड्यांत तर दोन्ही बाजू एकदमच बंद. त्या दिवसांत हॉटेलात ‘ताजी सुरमई’ मिळाली, तर ती बहुधा गोठवलेली असते. गोठवलेला मासा नीट ठेवला असेल तर खायला हरकत नाही. फक्त भाव ताज्याचा लावलेला नसावा.

बंदी उठते तेव्हा आपल्याकडे श्रावण तोंडावर आलेला किंवा लागलेला असतो. मग गणपती, पितृपक्ष, नवरात्र. वडीलधाऱ्यांपैकी कुणी चातुर्मास पाळत असेल, तर कार्तिकी एकादशीपर्यंत विषयच संपला. मार्गशीर्षातले गुरुवारही अनेक घरांत सामिषाला वर्ज्य. एखादी मामी माळकरी असेल तर तिला कुठलाच महिना चालत नाही. शाकाहारी स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत होतो का, हे तिच्यासमोर वेटरला विचारून तिला अवघडवू नका, आधी फोन करून घ्या. एकूण हिशेब केला तर मराठवाड्यातल्या घरासाठी दिवाळीनंतरचा हिवाळाच उत्तम. तेव्हा बोटी समुद्रात असतात, हवा थंड असते आणि बर्फही टिकतो.

आपल्या पाण्यातला मासा का नाही?

माझं मत विचाराल तर नांदेडला आलेल्या पाहुण्यांसाठी मी पापलेटच्या आधी मरळ मागवीन. मराठवाड्याला मासा नवा नाही. गोदावरीकाठच्या भोई समाजाचा तो पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. रोहू, कटला, मृगळ, वाम, मरळ, झिंगे ही नावं आजी-आजोबांना ‘सी फूड’ या शब्दाच्या कितीतरी आधीपासून माहीत आहेत. काळ्या मसाल्याचा, भाजलेल्या खोबऱ्याचा झणझणीत रस्सा आणि ज्वारीची भाकरी हे त्यांच्या तोंडचं जेवण आहे.

मरळीचा आणखी एक फायदा आहे. हा मासा हवेतून श्वास घेऊ शकतो, त्यामुळे पाण्याबाहेर बराच वेळ जगतो आणि बाजारात टबात जिवंत विकला जातो. ताजेपणाचा याहून मोठा पुरावा नाही. शिवाय काटे कमी. मात्र टबात जिवंत दिसणारा प्रत्येक मासा मरळ नसतो. थाई मांगूरही असाच तग धरतो आणि त्याच्या पैदाशीवर देशात २००० सालापासून बंदी आहे. चपटं डोकं आणि तोंडाभोवती लांब मिशा दिसल्या तर विचारून घ्या.

मासा कुठल्या पाण्यातला, हेही विचारायला लाजू नका. शहराचं सांडपाणी गोदावरीत मिसळतं ही नांदेडकरांची जुनी तक्रार आहे. विष्णुपुरीचा जलाशय मात्र शहराच्या वरच्या अंगाला आहे. लातूरचं गणित वेगळं. तिथला मासा मांजरा धरणाच्या पाण्यावर अवलंबून, आणि ते पाणी पावसाच्या मर्जीवर. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. माणसांना पाणी नव्हतं तिथे माशांचं काय? ते वर्ष पाहिलेले लातूरचे मामा स्थानिक माशाच्या ताटाकडे आपल्यापेक्षा वेगळ्या नजरेने पाहतात.

काटा, कवळी आणि बांगडा

वडीलधाऱ्यांच्या बाबतीत सर्वांत जपायचं ते इथे. रोहू-कटल्याच्या मांसात इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखे बारीक काटे विखुरलेले असतात. नजर कमी झालेल्या माणसाला ते दिसत नाहीत. वरची कवळी असेल तर धोका वाढतो, कारण ती टाळू झाकते आणि काटा जिभेला-टाळूला जाणवायचा तो जाणवतच नाही. अशा वेळी मरळ, सुरमई किंवा चिलापी घ्या, तीही काटे तपासून. मेन्यूत नुसतं ‘बोनलेस फिश’ लिहिलं असेल तर ते अनेकदा बासा असतं, म्हणजे गोड्या पाण्यातला पंगस. त्यात वाईट काही नाही, पण तो समुद्राचा मासा नव्हे.

काटा अडकलाच तर भाकरीचा मोठा घास किंवा केळं गिळायला लावू नका. घराघरांतला हा उपाय काटा आणखी खोल रुतवू शकतो. थेट कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा.

दुसरी गोष्ट फारशी बोलली जात नाही. बांगडा, सुरमई, कुपा हे मासे वाटेत पुरेसे थंड राहिले नाहीत तर त्यांत हिस्टामाइन तयार होतं. तळून, उकळून ते जात नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, अंगाला खाज, धडधड असा त्रास होतो. लोक याला ‘माशाची ॲलर्जी’ म्हणून सोडून देतात. हृदयविकार असलेल्या व्यक्तीला असं झालं तर वाट न पाहता दवाखाना गाठा. युरिक ॲसिड किंवा किडनीचा त्रास असेल तर कोळंबी, तारली, सुकट यांबद्दल डॉक्टरांना आधीच विचारलेलं बरं. सुक्या माशातलं मीठ रक्तदाबाच्या रुग्णाला अजिबात परवडत नाही.

हॉटेलात ‘शिजवायच्या आधी मासा दाखवा’ म्हणायला हरकत नाही. कल्ले लालसर, डोळे फुगीर आणि स्वच्छ, बोटाने दाबलं तर मांस परत वर येणारं, एवढं पुरे. शिजलेल्या माशाला अमोनियासारखा उग्र वास आला किंवा तो नुसता लगदा झाला, तर ताट परत करा. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही म्हणून गप्प बसण्यात खरी जोखीम आहे.

बिलाचं काय?

मेन्यूत माशापुढे आकडा नसून ‘साइझप्रमाणे’ लिहिलेलं असतं. वजन आणि भाव ऑर्डर देण्याआधी विचारा, आणि हे मामांच्या कानावर पडू न देता करा. नाहीतर ते दोन चपात्या आणि डाळीवर भागवतील. साध्या रेस्टॉरंटच्या बिलावर पाच टक्के जीएसटी लागतो. सर्व्हिस चार्ज मात्र बिलात आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती कायम ठेवली. लावलाच असेल तर काढायला सांगा. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.