भिंगाविना सापडलेल्या ऊती

माणसाचं शरीर कशाचं बनलं आहे, असं १८०० च्या सुमारास एखाद्या डॉक्टरला विचारलं असतं, तर त्याने हृदय, फुप्फुसं, यकृत, जठर, मेंदू अशी अवयवांची यादी सांगितली असती. रोग अंगभर फिरणाऱ्या दूषित रसांत नसतो, तो एखाद्या अवयवात ठाण मांडून बसतो, हे इटलीतल्या मोर्गान्यीने १७६१ मध्ये शेकडो शवविच्छेदनांच्या आधारे दाखवून दिलं होतं. पुढची चाळीसेक वर्षं वैद्यक त्याच पायरीवर उभं राहिलं. त्यावरची पायरी चढणारा तरुण अवघा अठ्ठावीस वर्षांचा होता. सूक्ष्मदर्शक तेव्हा मिळत होते, पण या गड्याचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता.

झाविए बिशा हा डॉक्टरचाच मुलगा. ल्योंमध्ये शस्त्रक्रिया शिकत असताना फ्रेंच राज्यक्रांतीची धग त्या शहराला लागली आणि १७९३ च्या अखेरीस तो पॅरिसला आला. तिथल्या ओतेल-द्यू रुग्णालयात देसो नावाचे नामांकित शल्यविशारद शिकवत. झालेल्या व्याख्यानाचा गोषवारा एका विद्यार्थ्याने सगळ्यांना सांगायचा, अशी त्यांच्या वर्गाची रीत होती. एकदा ज्याची पाळी होती तो आलाच नाही, तेव्हा बिशा आपण होऊन उठला. तो असा काही बोलला की देसोंनी त्याला थेट स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. पण १७९५ मध्ये देसो अचानक वारले. गुरुपत्नीला आधार देत, गुरूंचं अपुरं राहिलेलं लेखन पुरं करत बिशा स्वतःचे शरीररचनेचे वर्ग चालवू लागला.

शरीराकडे नव्याने पाहण्याचा धागा त्याला मिळाला तो डॉक्टर पिनेल यांच्या पुस्तकात. रोगांची वर्गवारी करणारा त्यांचा ग्रंथ १७९८ मध्ये निघाला. शरीरात वेगवेगळ्या जागी असलेल्या पडद्यांचा दाह मात्र एकसारखा दिसतो, असं त्यात सुचवलं होतं. पिनेल तिथेच थांबले. बिशाला प्रश्न पडला, की असं का व्हावं? फुप्फुसावरचं पातळ आवरण, हृदयाभोवतीची पिशवी आणि पोटातल्या आतड्यांवरचा पडदा हे तिन्ही सुजले की आत पाणी साचतं आणि पुढे ते आजूबाजूला चिकटतात. हृदय धडधडतं, फुप्फुस श्वास घेतं, आतडं अन्न पचवतं, अवयवांची कामं तर एकमेकांपासून किती लांबची! मग आजार सारखा कसा? उत्तर एकच निघत होतं. अवयव निरनिराळे असले, तरी त्यांना गुंडाळणारा पदार्थ एकच आहे. आवरण सडलेलं असूनही आतलं फुप्फुस धडधाकट असू शकतं, हे तर तो प्रेतांमध्ये पाहतच होता. म्हणजे रोगाचा पत्ता अवयवाच्याही आत, आणखी खाली कुठेतरी होता.

आता हे सिद्ध कसं करायचं? बिशाने स्वयंपाकघरात शोभतील अशा युक्त्या शवागारात नेल्या. शरीराचे तुकडे त्याने उकळले, वाळवले, पाण्यात भिजत घातले, आम्लात आणि अल्कात बुडवले, मुद्दाम कुजू दिले. एकाच प्रकारचा पदार्थ शरीरात कुठूनही घेतला, तरी तो सारखाच वागला पाहिजे, हा त्यामागचा तर्क. मेंदू लवकर कुजतो, कंडरा दाद देत नाही. पाया सूप करणाऱ्याला यातलं निम्मं ठाऊक असतं, की स्नायूचे धागे सुटतात आणि सांध्याजवळचे चिवट पट्टे विरघळून रस्सा चिकट होतो. घाण वास, हिवाळ्याची थंडी आणि एकामागून एक प्रेतं. एका हिवाळ्यात त्याने सहाशे प्रेतं उघडली, असं सांगतात.

१८०१ मध्ये चार खंडांचा ग्रंथ बाहेर पडला. अवयव ज्यांचे बनतात त्या मूळ पदार्थांचे, म्हणजे ऊतींचे, एकवीस प्रकार त्यात होते. अस्थी, कूर्चा, चेता, श्लेष्मल आवरण, ग्रंथी, त्वचा आणि इतर. स्नायूंचे त्याने दोन भाग केले होते. आपल्या इच्छेने हलणारे एकीकडे, आणि आतड्यासारखे आपल्याला न विचारता काम करणारे दुसरीकडे. सूक्ष्मदर्शकाबद्दलचं त्याचं मत तिखट होतं. अंधारात डोकावलं की ज्याला जे हवं ते दिसतं, असं तो म्हणे. त्या काळच्या भिंगांच्या कडेला रंगीत झालरी दिसत, हे पाहता त्याला हट्टी म्हणवत नाही.

वनस्पतींच्या ऊतींच्या बाबतीत मात्र भिंग आधीच कामाला आलं होतं. त्यांच्या पेशींना टणक भित्ती असतात, त्यामुळे साध्या भिंगांतूनही ग्रू आणि माल्पिघी या अभ्यासकांना १६७० च्या दशकातच खोडातल्या नलिका दिसल्या. माल्पिघीने खोडाची साल गोल कापून काढली, तर कापाच्या वरच्या बाजूला फुगवटा आला. पानात तयार झालेलं अन्न सालीतून खाली येतं, त्याची वाट तिथे अडली होती. जलवाहिनी पाणी वर नेते आणि रसवाहिनी अन्न पोचवते, हा आजच्या शाळेतला धडा या कापापर्यंत मागे नेता येतो.

जुलै १८०२ मध्ये ओतेल-द्यूच्या जिन्यावरून बिशा पडला. मग ताप आला आणि २२ जुलैला तो गेला, वयाच्या तिसाव्या वर्षी. डॉक्टर कॉर्विसार यांनी ही बातमी नेपोलियनला कळवताना रणांगणावरच्या मृत्यूची भाषा वापरली. देसो आणि बिशा या गुरु-शिष्यांच्या नावाचा स्मृतिफलक नेपोलियनने रुग्णालयात बसवायला सांगितला.

रंगदोष नसलेली चांगली भिंगं १८३० नंतर आली. १८३९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ श्वानने प्राण्यांच्या ऊती पेशींच्या बनलेल्या असतात हे मांडलं आणि पुढे एकवीसच्या चार झाल्या. झाकणारी अभिस्तर, जोडणारी संयोजी, आकुंचन पावणारी स्नायू आणि संदेश नेणारी चेता. बिशाच्या यादीतल्या, अंगातून द्रव बाहेर सोडणाऱ्या सूक्ष्म नलिका तर कुणाला सापडल्याच नाहीत, कारण त्या नव्हत्याच. हृदयाच्या स्नायूलाही त्याने आतड्याच्या रांगेत बसवलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली हृदयाच्या धाग्यांवर हातापायांच्या स्नायूंसारखे आडवे पट्टे निघाले.

त्याचा मूळ मुद्दा मात्र टिकला. आजही बायोप्सीच्या अहवालात गाठीचं नाव तिच्या ऊतीवरून पडतं. अभिस्तर ऊतीतून उठलेला कर्करोग कार्सिनोमा आणि हाड, चरबी, स्नायू यांतून उठलेला सार्कोमा. गाठ फुप्फुसात असो की पोटात, औषध ठरवताना डॉक्टर आधी हे नाव वाचतात.